दहा नंबरच्या जर्सीला हार

कॉलेजची फुटबॉल मॅच बघायला गेलं की मला वैताग येतो तो खेळणाऱ्यांचा नाही, बघणाऱ्यांचा. आमच्या कोल्हापुरात पोराचा बॉल जरा बाहेर गेला की अख्खी गॅलरी हळहळते, "दादू असता तर!"

दादू हा आमच्या कॉलेजचा जुना स्ट्रायकर. त्याची दहा नंबरची जर्सी नंतर कुणाला दिलीच नाही. ती काचेच्या कपाटात टांगलीय आणि दसऱ्याला तिला चक्क हार घालतात. अरे, माणूस चांगला धडधाकट आहे! प्रेम इतकं घट्ट असावं का, की पुढच्या कुणाला त्यात शिरायला फटही राहू नये?

काल शेजारी बसलेले आप्पा मला दादूचा एक जुना गोल हातवारे करून सांगत होते. तेवढ्यात मैदानात खराखुरा गोल झाला. आम्हा दोघांनाही तो दिसला नाही.

"असू दे," आप्पा म्हणाले, "दादूसारखा नसणारच."

खालच्या पायरीवर एक टकलू गृहस्थ उभा राहून शिट्ट्या मारत होता. तो मागे वळला. दादूच! आनंदानं चेहरा लाल झालेला.

"आप्पा, काय मारला ओ पोरानं! आपल्याला जन्मात जमला नसता असला. बघितलासा न्हवं?"

आप्पा माझ्याकडे बघायला लागले आणि मी मैदानाकडे.