पाचव्या भागाला पिवळं कार्ड

कारखान्याच्या तपासणी खात्यात माणूस काही वर्षं राहिला की त्याच्याकडे किस्से साठतात आणि संशयही. आम्ही तिघं होतो: किसन, सलीम आणि मी. सुटे भाग मोजायचे. हिरवं कार्ड म्हणजे पास, लाल म्हणजे रद्द, पिवळं म्हणजे दुरुस्त करून आणा. सुटीच्या दिवशी औरंगपुऱ्यातल्या व्हिडिओ पार्लरमध्ये एका मुखवटेवाल्या खुन्याचे इंग्रजी पिक्चर बघायचे. दर भागात तो मरायचा, पुढच्या भागात हजर! त्या पिक्चरांनाही आम्ही कार्ड द्यायचो.

*

चौथ्या भागात सलीमनं दाराच्या चौकटीवरून खुन्याची उंची काढली. तिसऱ्या भागापेक्षा चार बोटं कमी भरली.

"आदमी बदल दिया इन्होंने," तो म्हणाला. लाल कार्ड पोस्टरला टाचलं, तर पार्लरवाला महिनाभर आमच्याशी बोलला नाही.

*

किसननं हिरवं कार्ड कशालाच दिलं नाही. स्वतःच्या लग्नात त्यानं बुंदीचा लाडू हातात फिरवून बघितला आणि "गोल नाय" म्हणून बाजूला ठेवला. आचारी अजून त्याला टाळतो.

*

पाचवा भाग आला तेव्हा नामांतरावरून शहर तापलेलं होतं. मी पडेगावात किसनच्या मामांकडे भाड्यानं राहत होतो. मामांना मी आडनाव सांगितलं नव्हतं. मी बौद्ध आहे हे किसनला माहीत होतं.

त्या भागात खुनी निघाला हिरोचा जिवलग मित्र. मला ते अजिबात आवडलं नाही. किसननं पिवळं कार्ड दिलं, म्हणाला, बाकी ठीक, शेवट दुरुस्त करा.

*

त्याच संध्याकाळी मामा म्हणाले, "बाबा, दुसरी खोली बघ. लोकं विचारायलेत."

माझा संशय थेट किसनवर. सकाळी कामावर विचारलंच, मामांना तूच सांगितलंस ना?

"व्हय. खोली घेतली त्याच दिवशी," तो म्हणाला. "तवा चाललं, मग आता का चालंना?"

मी पाठ फिरवली. तो अर्धी पाळी टाकून कुठंतरी निघून गेला.

सामान बांधायला मी घरी आलो, तर मामांच्या दाराला सुतळीनं पिवळं कार्ड बांधलेलं. खाली किसनची सही. मामा ओट्यावर बसून कार्डाकडे बघत होते.

"बाबा," ते म्हणाले, "दुरुस्तीला किती दिवस देतेत रे तुमच्या कंपनीत?"