जिनपाल मागून विचारतो

इचलकरंजीत दुपारची झोप मागांच्या खडखडाटात लागते आणि वीज गेली की मोडते. आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लावून माग आहेत. आवाज असला की गल्ली झोपते, थांबला की दचकून उठते. मी जेवून खाटेवर आडवा झालो आहे. संध्याकाळपर्यंत वहिनींना उत्तर द्यायचं आहे, आणि माझ्याकडे उत्तर नाही.

प्रश्न साधा आहे. माझा मित्र जिनपाल मगदूम उन्हाळ्यात खाणीच्या माळावरून बग्गीसकट खाली कोसळून गेला, वारला. बग्गी म्हणजे लोखंडी पाइपांचा सांगाडा, चार जाड चाकं, मागे इंजिन आणि पुढे एकच सीट. कधी काळी एका गिरणीमालकानं हौसेनं परदेशातून आणलेली, नंतर सुताच्या गोदामात गंजत पडलेली. जिनपालनं ती बाहेर काढून चालती केली. गल्लीत तिला पिंजरा म्हणतात. तो पडला तेव्हा पाहणारं कोणी नव्हतं. आता त्याच्या मुलीनं, सन्मतीनं, वाकलेले पाइप सरळ करून घेतले आहेत, इंजिन पुन्हा बांधलं आहे, आणि उद्या सकाळी ती त्याच माळावर गाडी काढायची म्हणते.

तिची आई, सुलोचनावहिनी, मला म्हणाल्या, "भावजी, तुम्ही सांगा. गाडीनं दगा दिला असला तर मी आजच भंगारात घालते. नसला दिला तर पोरीला अडवणार नाही. पण नक्की सांगा."

मी केबल पाहिली, स्टिअरिंग पाहिलं, ब्रेक पाहिले. काही सापडलं नाही. पण काही न सापडणं आणि दोष नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डोळे मिटतात. गल्लीभरच्या मागांचा आवाज कमी कमी होत दोन-चार मागांचा होतो, मग एकाचा. आणि तोही मागाचा नाही. इंजिन स्लोवर चालू आहे, आणि मी सीटवर बसलेलो आहे.

समोर गॅरेजचं शटर आहे, अर्धं वर. खांद्यांवरून छातीवर दोन पट्टे आले आहेत, ते मी बांधलेले नाहीत. मागे पाइपवर स्क्रूड्रायव्हर वाजतो. एकदा. एकदा म्हणजे दाब. मी पाय दाबतो. दोनदा. दोनदा म्हणजे सोड. मी सोडतो. आमची पद्धतच ही होती. या गाडीच्या ट्यूनिंगला दोघं लागतात, कारण इंजिन मागे असतं आणि सीटवरचा माणूस पुढे तोंड करून बांधलेला असतो. जिनपाल मागे बसून कार्बोरेटरचा स्क्रू फिरवायचा आणि ऐकायचा. मी म्हणजे नुसता पाय.

"झोपलास व्हय, उपाध्या?"

आवाज त्याचाच. मला असं उपाध्या म्हणणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.

"झोपलोय," मी म्हणतो. "पण तू इथं कसा? आपल्या जैनांत कोणी मागं राहत नाही. जीव गेला की लगेच पुढचा जन्म. माझ्या शेजारी बसूनच ऐकलंस की महाराजांचं प्रवचन."

"राहिलोय कुठं लगा? हातातलं काम तेवढं उरकतोय. दाब."

मी दाबतो.

"जिनपाल, त्या दिवशी गाडीत काय बिघडलं होतं?"

"पेपरात आलंय की. चालकाचा ताबा सुटला."

"ते पोलिसांचं वाक्य आहे."

"सगळ्यांचा ताबाच कसा सुटतो रे? दुसरं काय सुटतच न्हाई व्हय माणसाचं?"

तो हसतो. हसणं नेहमीचंच, शेवटी खोकल्यात जाणारं. मी वळून बघायला जातो. पट्टे वळू देत नाहीत.

समोर शटर नाही. समोर बोर्डिंगचा जेवणाचा हॉल आहे, शाळेत असताना आम्ही दोघं राहायचो तिथला. दोन्ही बाजूंना मुलांच्या पंगती बसल्या आहेत आणि मधल्या वाटेवर गाडी उभी आहे, इंजिन चालू. कुणाला नवल वाटत नाही. धूर ताटांवरून जातो, मुलं जेवत राहतात. शांतूअण्णा आचारी कालवणाची बादली घेऊन येतो आणि माझ्या मांडीवर ताट ठेवतो. ताट रिकामं आहे, तरी जड आहे. खिडकीतून पिवळं ऊन भिंतीवर पडलेलं आहे.

"वाढू का?" शांतूअण्णा विचारतो.

"खाऊ नको," मागून जिनपाल म्हणतो. "दिवस बुडाला."

सूर्य मावळल्यावर जेवायचं नाही, हा बोर्डिंगचा नियम. तिथं सगळेच तो पाळायचे. पण ऊन समोर दिसतं आहे.

"अजून उजेड आहे, जिनपाल."

"तुझ्याकडं हाय."

शांतूअण्णा ताट उचलून नेतो. पंगती अजून आहेत, पण मुलांच्या हातांचा, वाट्यांचा कसलाच आवाज होत नाही. आवाज फक्त इंजिनाचा.

"आता सांग," तो म्हणतो. "काय वाजतंय?"

"तुला ऐकू येत नाही?"

"तू सांग की."

"बरं वाजतंय."

"बरं म्हणजे? तब्येत विचारली व्हय मी? आवाज सांग."

मी त्यातला माणूस नाही. गल्लीतून गेलेल्या लुनाचा प्लग काळा पडलाय की पांढरा, हे जिनपाल घरात चहा पिता पिता सांगायचा. तो मला आवाज विचारतो आहे. मी डोळे मिटून, जमेल तेवढं नेमकं सांगायचा प्रयत्न करतो.

"एका लयीत आहे. फक्त मधूनच एखादा ठोका गिळतंय."

मागचा स्क्रूड्रायव्हर थांबतो.

"गिळतंय?"

"घास अडकल्यासारखं. मग पुन्हा सरळ."

"कोणत्या बाजूचा?"

"मला कसं कळणार?"

"चल, माळावर बघू."

आम्ही माळावरच आहोत. वर पांढरं आभाळ, खाली तांबडा मुरूम, आणि पिंजरा सुसाट सुटलेला आहे. चरावरून जाताना पुढची चाकं उचलतात, आणि गाडी धप्पकन खाली आली की मी पोरासारखा ओरडतो. मागून तोही ओरडतो, "आयला, उडली की रं!" धूळ दातांत करकरते. स्टिअरिंग नुसतं बोटांनी वळतं. गाडी शेपूट टाकून गोल फिरते, स्वतःच्याच धुळीतून बाहेर येते आणि पुन्हा पळते. इतकी वर्षं आमच्यातला एक जण चालवायचा आणि दुसरा कडेला उभा राहून धूळ खायचा. एका सीटच्या गाडीत दोघांनी मिळून हे कधी भोगलं नव्हतं. तो मागे नक्की कुठे उभा आहे? इंजिनापाशी माणूस उभा राहील एवढी जागा नाही. हे मला ठाऊक आहे आणि मी विचारत नाही.

वरच्या पाइपला गोल आरसा आहे. या गाडीला आरसा कधीच नव्हता. आरशात जिनपाल दिसतो. आंघोळ घातलेला, केस मागे चोपलेले, आणि दोन्ही कानांत कापसाचे बोळे. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा होते तसेच. नाकातले त्यानं काढून टाकलेले दिसतात.

"तुझे कान," मी म्हणतो.

"तुम्हीच बंद केलेत. म्हणून तर तुला बसवलंय. सांग, अजून गिळतंय?"

"गिळतंय."

"त्या दिवशी बी गिळलं. एकदाच. दुसऱ्या कुणाला कळलं बी नसतं."

"मग?"

"मग काय? मान वळवली. डावा कान मागं केला, कोणता सिलेंडर गिळतोय ते ऐकाय."

"एवढंच?"

"एवढंच. पुढं वळण हुतं."

तो हे ट्यूनिंगच्या गोष्टी सांगायचा त्याच आवाजात सांगतो. मी मनात वहिनींना सांगायचं वाक्य जुळवून पाहतो. केबल नाही, स्टिअरिंग नाही, ब्रेक नाहीत. वाक्य बरोबर आहे, आणि त्यानं मला हलकं वाटायला हवं. तसं होत नाही. कारण काल गॅरेजमध्ये सन्मती सीटवर होती आणि मी मागे नुसता उभा होतो. इंजिन सुरू होताच तिची मान डावीकडे वळली होती, डोळे मिटलेले, ओठ किंचित उघडे. दारातून वहिनी म्हणाल्या होत्या, "बघा, बापावर गेलीय."

"जिनपाल, सन्मती..."

"ठाऊक हाय."

"तिला तुझाच कान आहे."

"म्हणून तर बसलोय हितं झक मारत."

इंजिन पुन्हा एक ठोका गिळतं. आणि ज्या मला जन्मात कधी मिसिंग कळलं नाही, त्या मला ते स्वच्छ कळतं. डावीकडचं आहे. बहुतेक मागचं. फक्त खात्री करायची आहे. माझी मान वळू लागते. कोणी वळवत नाही, मीच वळवतो आहे. आणि त्यात एक गोडी आहे. ते ऐकण्यापुढे दुसरं काहीच महत्त्वाचं वाटत नाही, माळ नाही, वेग नाही, समोर येणारी खाणीची कड नाही.

"पुढं बघ!"

मला थांबता येत नाही.

"पुढं बघ, बेण्या!"

त्याची बोटं माझ्या डाव्या कानाशी येतात आणि काहीतरी आत दाबतात. आवाज तुटतो. आरशात त्याचा एक कान मोकळा आहे. तो कान तो इंजिनावर धरतो, आणि त्याचा चेहरा हळूहळू पूर्वीसारखा होतो, ऐकणाऱ्या माणसाचा. आता त्याचं माझ्याकडे लक्ष नाही. पाइपवर दोनदा वाजतं. ते मला कानानं नाही, बरगड्यांतून कळतं.

दोनदा म्हणजे सोड. मी पाय सोडतो.

पंखा थांबलेला आहे. वीज गेली असावी. उशाशी फोन थरथरतो आहे. मी तो डाव्या कानाला लावतो. भिंतीपलीकडून कोणी बोलावं तसं काहीतरी पुटपुटणं येतं. मी फोन उजव्या कानाला लावतो.

"भावजी, ऐकू येतंय का?" सुलोचनावहिनी.

"येतंय."

"सांगा मग. गाडीनं दगा दिला का?"

"नाही, वहिनी. गाडीत दोष नाही."

फोनमधून, त्यांच्या मागून, गॅरेजमधलं इंजिन ऐकू येतं. स्लोवर आहे. एका लयीत आहे. मी बोट घालून डावा कान चाचपतो. हाताला लागतं ते बाहेर काढतो. कापसाचा बोळा. या गावात कापूस उशीवर सापडतो, चहात सापडतो, भुवयांत सापडतो. पण तो असा घट्ट वळलेला नसतो, आणि त्याच्या टोकाला काळं ऑइल नसतं.

"म्हणजे बसू दे म्हणता तिला?" वहिनी विचारतात.

"बसू दे. पण बसायच्या आधी तिच्या कानात..."

"कानात काय?"

जिनपालला घरी आणलं तेव्हा त्याचं तोंड पुसायला वहिनी स्वतः बसल्या होत्या. बाकीच्या बायकांना त्यांनी हात लावू दिला नव्हता. पुढचा शब्द मला त्यांच्याशी फोनवर बोलता येत नाही.

"मी येतोय," मी म्हणतो. "मी येईपर्यंत तिला सीटवर बसू देऊ नका. आत्ता बसली असली तर उठवा."

"अहो, पण झालं काय?"

"आधी उठवा, वहिनी."

त्या हाक मारत आत जातात. मी चपला घालतो आणि दाराशी मूठ उघडून पाहतो. बोळा अजून कोमट आहे.