'व्हेरी'च्या पानावरची सही

देवा, प्रार्थनेला बसले खरी, पण आज मन तुझ्यात नाही. अंगाचा नुसता तिळपापड झालाय.

माझ्या थोरल्या नणंदबाई छापखान्यात मुद्रितं तपासतात. सव्वीस वर्षं झाली. तिथली रीत अशी, की शेवटच्या कच्च्या पानावर ताईंनी लाल शाईत 'बरोबर' लिहून सही केल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. घरीही तेच. माझी किराणाची यादीसुद्धा लाल होऊन परत येते.

सध्या शाळकरी मुलांचा इंग्रजी-मराठी शब्दकोश चाललाय. 'व्हेरी'पुढे ताईंनी लिहिलं होतं: जुन्या फ्रेंचमधून आलेला, त्याच्या मागे लॅटिन, मूळ अर्थ 'खरा'. जो तो आपलं म्हणणं ठासून सांगायला तो वापरू लागला, तसा त्यातला खरेपणा झिजला आणि 'फार' एवढंच उरलं. मालकांनी ते सगळं खोडलं आणि घातलं, 'मूळ शब्द: भारी'. कुठल्याशा भाषणात ऐकलं म्हणे!

सकाळी डबा भरताना मीच म्हणाले, "ताई, एका ओळीनं काय आभाळ कोसळतंय? निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत. करून टाका सही."

"अगं वहिनी, कच्चं राहिलेलं जेवण तू कुणाच्या पानात वाढशील?"

मी डब्याला झाकण लावलं.

दुपारीच ताई परत आल्या. हातात चष्म्याचं घर आणि रिकामा डबा. पाणी प्यायल्या, मग सांगितलं. मालक म्हणाले, "ताई, मुलांना आपल्या भाषेचा अभिमान वाटेल."

"खोट्याचा?"

"कोण तपासायला बसलंय?"

"मी. त्याचाच पगार देता ना?"

"मग उद्यापासून येऊ नका. व्हेरी सॉरी."

सगळ्या कामगारांसमोर! ज्या बाईनं याच्या बापाच्या काळापासून डोळे फोडून घेतले, तिला! आणि वर ताईंच्याच टेबलावरचं लाल पेन उचलून यानं स्वतः 'बरोबर' लिहिलं. ताई जिना उतरेपर्यंत यंत्र धडधडायला लागलं होतं. आता शाळाशाळांतून पोरं 'भारी' घोकणार, आणि खरं सांगणारी बाई माझ्या स्वयंपाकघरात भाजी निवडत बसणार.

दुपारपासून मालकाला मी तोंडाला येईल ते बोललेय. त्याची माफी मागणार नाही, देवा. सकाळी 'करून टाका सही' म्हणाले, तेवढ्याचीच मागते.