प्लूटो गेला, शनी राहिला

प्लूटोचं ग्रहपद काढून घेतल्याची बातमी मी गॅलरीत बसून बायकोला मोठ्याने वाचून दाखवत होतो. शेजारच्या कुसुमकाकू कपडे वाळत घालता घालता थांबल्या. त्यांची साडेसाती चालू होती. काकांचा गुडघा, मुलीचं मोडलेलं लग्न, गळणारी टाकी, सगळ्याचा दोष त्या शनीला देत.

"म्हणजे ग्रहालाही काढता येतं?"

"येतं की. शास्त्रज्ञांनी चक्क मतदान घेतलं."

"मग त्या बिचाऱ्याला कशाला? शनीला काढायचं!"

"काकू, प्लूटो पडला लहान. शनी केवढा मोठा!"

"म्हणजे तिथंही आपल्यासारखंच," काकू म्हणाल्या आणि त्यांनी टॉवेल जोरात झटकला.

मला प्लूटोची गंमत वाटली. आपण त्याला ग्रह म्हटलं तेही त्याला कळलं नाही, आणि काढलं तेही नाही. तो आपला फिरतोच आहे. इतकं निवांत राहणं माणसाला कुठं जमतं?

शनिवारी काकू शनीच्या देवळात निघालेल्या दिसल्या. हातातली तेलाची वाटी अर्धीच होती.

"आज तेल कमी?"

"मुद्दामच," काकू म्हणाल्या. "प्लूटोचं काय झालं, ते त्यालाही सांगून येते."