सरबतकाकांचं लिव्हर

धक्क्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडणं हे सरबतकाकांचं काम, आणि पिणाऱ्यांची कानउघाडणी करणं हा छंद. उभ्या आयुष्यात त्यांनी सरबतापेक्षा कडक काही ओठाला लावलं नव्हतं, म्हणून हे नाव. बायकोचा धाकटा भाऊ तर त्यांचं हक्काचं गिऱ्हाईक. तो दिसला की काकांच्या जिभेला धार चढे.

अशा माणसाचं लिव्हर जुन्या काविळीने पोखरावं, हा शुद्ध अन्याय होता. काकांनी तो कोणालाच सांगितला नाही, बायकोलाही नाही. लोक म्हणणार, चोरून पीत असेल! गोळ्या ते हत्यारांच्या पेटीत, पटाशीखाली ठेवायचे.

एक दिवस शिंपल्याची कड पोटरीला लागली. काकांनी पाय सरळ समुद्रात बुडवला. खारं पाणी झोंबलं की जखम साफ झाली, अशी धक्क्यावर सगळ्यांचीच समजूत. दुसऱ्या दिवशी दुपारी काका तापाने फणफणले होते, पाय टम्म सुजला होता आणि त्यावर जांभळे फोड आले होते. मेहुण्यानेच त्यांना उचलून दवाखान्यात नेलं.

"आधीचा काही आजार? लिव्हरचा वगैरे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मेहुणा उशाशीच उभा होता.

"छे!"

बाई वळल्या. त्यांची पाठ दिसली आणि काकांच्या मनात आलं, अब्रू राहील, पण आपण राहणार नाही.

"बाई! लिव्हर खराब आहे माझं. बरीच वर्षं."

त्या झटकन मागे फिरल्या. "आधी नाही का सांगायचं? समुद्रातले हे जंतू धडधाकट माणसाच्या रक्तात सहसा टिकत नाहीत. तुमच्यासारख्याला मात्र थेट जिवावर बेततात." तिथल्या तिथे औषधं बदलली, पायाच्या ऑपरेशनची धावपळ सुरू झाली.

काका वाचले. पायही वाचला. ताप उतरून डोळे उघडले, तर समोर मेहुणा. काकांनी ते पुन्हा मिटून घेतले. आता हा सगळं उट्टं काढणार!

"काविळीमुळे झालंय रे ते," काका पुटपुटले. "शपथेवर सांगतो, थेंबसुद्धा..."

"दाजी, आमच्यातला माणूस आम्हाला लांबून ओळखू येतो. चोरून पिणारा इतकं डोकं खात नाही हो."

काकांना हसू आलं, मग रडू आलं. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"ताईला मात्र तुम्ही सांगायला हवं होतं," मेहुणा म्हणाला. "बाहेर बसलीय. जाम भडकलीय."

"पाठव आत," काका म्हणाले आणि त्यांनी त्याचा हात घट्ट धरला. "पण तू जाऊ नकोस."