तिसरा ड्रॉवर

ड्रॉवर रिकामा करायची वेळ आली की नाना भिंतीकडे तोंड करून उभे राहत. शिक्षा झालेल्या शाळकरी मुलासारखे. हात मागे, नाक कॅलेंडरपासून वीतभर. घरची बाई आपलं सामान काढून पलंगावर ठेवी, वर चादर टाकी आणि "झालं हो नाना" म्हणे. मगच ते वळत. साठी उलटलेला, खाकी हाफपँटमधला माणूस असा पाठमोरा उभा राहिला की पहिल्यांदा बघणाऱ्याला हसू यायचं. नाना म्हणायचे, "लोकांच्या ड्रॉवरात काय हाय ते बगाया मी काय पोलीस हाय? मना खाच बगायची हाय."

कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत ते 'ड्रॉवरवाले नाना'. त्यांना हा धंदा मिळवून दिला तो आमच्याच हौसेने. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वाशीच्या एका मैदानावर फर्निचरचं प्रदर्शन भरलं आणि आमच्या इमारतीतल्या निम्म्या बिऱ्हाडांनी तिथून एकच वस्तू आणली: चपट्या खोक्यात येणारं, घरी नेऊन आपणच जोडायचं, चार ड्रॉवरचं कपाट. सोबत चित्रांचा एक कागद आणि एक वाकडी किल्ली. लाकूड म्हणजे भुसा दाबून केलेली फळी आणि तिच्यावर सागवानाचं चित्र. ड्रॉवर पत्र्याच्या चॅनलवर, प्लॅस्टिकच्या चाकांवरून धावत. वर्षभर धावत. मग भुशातला स्क्रू सैल होई, चाक झिजे आणि ड्रॉवर एका कुशीवर कलंडे. आमच्या सेक्रेटरींनी निवृत्तीपूर्वीचा आपला हुद्दा दारावर पितळेत कोरून घेतला होता. त्यांचाही ड्रॉवर इतरांसारखाच कलंडला. या बाबतीत ते कपाट समतावादी होतं.

नाना तळवलीहून सायकलवर येत. त्यांचं मूळ काम उघाड्यांचं. भरतीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून बांधाला जी लाकडी दारं असतात, ती बनवायचं आणि दुरुस्त करायचं. शेतं गेली, बांध गेले, खाडीच्या अंगाला आमच्या इमारती उभ्या राहिल्या. एकदा बाल्कनीतून खाली बोट दाखवून ते म्हणाले, "तुमची स्कूटर हाय ना, थितं एक उघाडी होती. फली माझ्या हातची." आवाजात तक्रार नव्हती, पत्ता सांगावा तसं सांगितलं. पत्र्याचं चॅनल काढून ते तिथे सागाची खाच बसवत, तिच्यावर मेणबत्ती घासत आणि ड्रॉवर एका बोटाने आत ढकलून कान देत. आवाज आला तर पुन्हा काढत. "पानी असो का लुगडं, फली खाचेत गुमान चालली पायजे."

आणखी एक सवय होती. काम झालं की ड्रॉवर उलटा करून विचारायचे, "काय ठेवनार ह्याच्यात?" आपण सांगू ते सुताराच्या जाड पेन्सिलीने तळाला लिहायचे. 'साड्या'. 'औषधं'. 'कागद'. पुढे दुसरा कोणी दुरुस्त करायला आला तर त्याला वजनाचा अंदाज यावा म्हणून. आमच्या कपाटाचा तिसरा ड्रॉवर माझा होता. मी सांगितलं, "कपडे." नानांनी लिहिलं, 'कपडे'.

ते खोटं होतं, आणि त्याची हकीकत मला सांगायलाच हवी.

दोन खोल्यांच्या घरात माझी पुस्तकं फार झाली होती. मुलीला अभ्यासाचं टेबल हवं होतं आणि ते शेल्फच्या जागीच मावणार होतं. सगळी पुस्तकं वाचनालयाला द्यायची, असं शैलाने, म्हणजे माझ्या बायकोने, आणि मी मिळून ठरवलं. मी दिलीही. पण तीसेक निवडक मागे ठेवली. सोसायटीच्या सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमात सेक्रेटरींनी माझ्या त्यागावर भाषण केलं, नारळ दिला, शाल पांघरली. शालींची आणि भाषणांची मी आयुष्यभर टिंगल करत आलो. ती शाल मात्र मी सरळ मान करून घेतली. शैला पहिल्या रांगेत बसली होती. मुलीच्या टेबलासाठी नवऱ्याने एवढं केलं, हे ती पुढे कितीतरी दिवस सांगत होती. तीस पुस्तकं तिसऱ्या ड्रॉवरमध्ये होती, वर दोन स्वेटर. नवी मुंबईत स्वेटरच्या ड्रॉवरला कोणी हात लावत नाही.

तीस पुस्तकांखाली भुशाची फळी किती टिकणार? नानांनी बसवलेली खाच दीड महिन्यात बाजूच्या फळीसकट उखडली. शैला कामावर असताना मी त्यांना बोलावलं. ते भिंतीकडे वळले, मी पुस्तकं काढून पलंगावर ठेवू लागलो. कपडे ठेवताना धप् असा आवाज होत नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. नानांची पाठ हलली नाही. चादर टाकून मी "झालं" म्हणालो. ते वळले, ड्रॉवरचा खाली झुकलेला तळ त्यांनी हाताने चाचपला आणि म्हणाले, "मास्तर, कपडं जरा कमी ठेवा." मी विमा कंपनीत कारकून, पण चष्मा आणि वर्तमानपत्र यांमुळे त्यांच्या लेखी मास्तर. मी हो म्हणालो आणि त्यात एकतिसावं पुस्तक घातलं.

त्याच सुमाराला नानांनी सोसायटीकडे एक मागणी केली. मीटरच्या खोलीबाहेर, जिन्याखाली, बाकडं मांडण्यापुरती जागा. "गुडगं दुखतान. चार जिनं चढवत नाय आता. लोक ड्रॉवर खाली आनतील, मी हितंच बसून करीन." त्यांच्या उघाडीपासून ती जागा शंभर पावलांवरही नसेल. ती देण्या-न देण्याचा अधिकार आता आमच्या कमिटीकडे होता, आणि कमिटीत मी होतो. इतिवृत्तही मीच लिही. माझं मराठी चांगलं म्हणून.

बैठक आमच्याच हॉलमध्ये झाली. नाना दाराशी उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. सगळे अनुकूल होते. तेवढ्यात चहा घेऊन आलेली शैला सहज म्हणाली, "नाना, आमचा तिसरा परत खाली आलाय हो. दोनदा केलात ना?"

सेक्रेटरींनी कप खाली ठेवला. "दोनदा? मग उद्या सोसायटीच्या आवारात बसवल्यावर तक्रारी कोणी ऐकायच्या? तुम्ही बोला," ते माझ्याकडे वळले, "तुमचा अनुभव काय?"

एक वाक्य पुरलं असतं. चूक माझी आहे, त्यात मी पुस्तकं भरली आहेत. शैला ट्रे घेऊन समोर उभी होती. शाल त्याच कपाटाच्या पहिल्या ड्रॉवरमध्ये होती. मी म्हणालो, "हात चांगला आहे. पण काम टिकत नाही."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग म्हणाले, "बरोबर हाय. उद्या परत करून देतो."

मी इतिवृत्तात लिहिलं, 'कामाचा टिकाऊपणा समाधानकारक नसल्याने विनंती तूर्त विचारात घेता येत नाही.' 'तूर्त' हा शब्द माझा. वाक्य जरा माणुसकीचं वाटावं म्हणून घातला.

दुसऱ्या दिवशी ते आले. चार जिने चढून, मध्ये दोनदा थांबून. त्यांचं थांबणं मला घरात ऐकू येत होतं. भिंतीकडे तोंड केलं. मी पुस्तकं काढली, या खेपेला आवाज न करता, एकेक. दोन तास ते खाली मान घालून काम करत होते. तळाची फळी काढून टाकली आणि सोबत आणलेला प्लायवूडचा तुकडा बसवला. मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. तिथे मला काहीही काम नव्हतं. शेवटी बाहेर येऊन म्हणालो, "नाना, काल मी..."

"मेनबत्ती हाय का? माझी सरली."

मी मेणबत्ती दिली. खाच घासून झाल्यावर चहाचं विचारलं. म्हणाले, "नको. वरच्या माल्यावर जायाचं होतं, पन त्या बाई बोलल्या, राहू द्या." हे सांगतानाही आवाजात तक्रार नव्हती. ड्रॉवर त्यांनी एका बोटाने आत ढकलला, कान दिला आणि पेटी उचलली.

महिन्याभरात त्यांना आमच्या इमारतीतून बोलावणं येईनासं झालं. मग शेजारच्या इमारतींतूनही. 'टिकत नाही' ही दोन शब्दांची निंदा नळाच्या पाण्यापेक्षा जोरात वर चढते. वर्षभराने वाशीच्या बाजारात ते भेटले, हातात काठी. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "चालतो का ड्रॉवर?"

"चालतो."

"मंग झालं." आणि गर्दीत पुढे गेले. पुढच्या गणपतीत कळलं, नाना गेले. तळवलीला जाऊन यावं असं चार-पाच वेळा मनात आलं. जाऊन कोणाला काय सांगणार होतो, हे ठरेना. म्हणून गेलो नाही.

मुलगी कॉलेजात गेली त्या वर्षी घर रंगवायला काढलं. पुस्तकं मी आधीच एकेक करून ऑफिसच्या कपाटात हलवली होती. शैलाने आणि मी ड्रॉवर ओढून काढले आणि उलटे करून भिंतीशी लावले. तिसरा उचलताना ती म्हणाली, "हा एवढा जड कसा?"

तळाला सागाच्या दोन पट्ट्या होत्या, एकमेकींना छेद देऊन कोपऱ्यांत खाचा पाडून बसवलेल्या, अंगठ्याएवढ्या जाड. समुद्राचं पाणी अडवायला जशा लावत असतील तशा. आणि नव्या प्लायवूडवर, नव्याने, जाड पेन्सिलीने लिहिलं होतं: 'कपडे'.

त्या खेपेला त्यांनी मला विचारलं नव्हतं.

शैला वाकून बघत होती. "कपड्यांना एवढ्या पट्ट्या कशाला मारल्या असतील हो त्यांनी?"

"काय माहीत," मी म्हणालो. "सवय असेल."

रंग वाळल्यावर ड्रॉवर मी परत खाचेत घातला आणि एका बोटाने ढकलला. अजिबात आवाज न करता तो आत गेला.