काहिलीपासून दहा पावलांवर

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडाकडे धरली आणि मेंदूवरचे पांढरे ठिपके दाखवले. "याला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात." सांगलीच्या त्या केबिनमध्ये माझी बायको सुनंदा माझ्याकडे बघत होती आणि मी ठिपक्यांकडे. मी एवढंच विचारलं, "मॅडम, हंगाम भरात आलाय. काहिलीवर उभं ऱ्हायला जमंल न्हवं?"

मी गुळव्या. कराडजवळच्या गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या कढईत, उकळतो आणि पाक कधी उतरवायचा ते मी सांगतो. चिमूटभर पाक थंड पाण्यात टाकायचा, बोटांनी गोळी वळून बघायची. घाई झाली तर गूळ मऊ, उशीर झाला तर करपट. अडतीस वर्षांच्या आयुष्यात मला दुसरं काही येत नाही, पण हे फार चांगलं येतं.

आजारानं नेमकी बोटंच धरली. आधी मुंग्या आल्या, मग गोळी मऊ की कडक तेच कळेना. पुढं डावा पाय ओढायला लागला. आमच्याकडे हातपाय धरले की शेक ठरलेला. सुनंदा निर्गुडीचा पाला गरम करून शेकायची, आणि मी वरून काहिलीखालच्या चुलाणाच्या, म्हणजे भट्टीच्या, तोंडाशी जाऊन बसायचो. उठताना पाय आणखी लटपटायचे. शेक कमी पडला असं समजून मी आणखी जवळ सरकायचो! महिनाभर हा शहाणपणा चालला.

डॉक्टर रागावल्या नाहीत. "नसांवर वायरीसारखं आवरण असतं. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच चुकून ते कुरतडते. अंग तापलं की अशा नसांतून निरोप नीट जात नाही. गार झालात की पुन्हा जायला लागतो." शेकानं आजार वाढला नव्हता, पण रोज थोडा वेळ मी स्वतःच स्वतःला पांगळं करत होतो. मला माझाच राग आला.

पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून तपासलं. मग सलाइनमधून स्टेरॉइड दिलं. आजाराचा नवा झटका येतो त्याला रिलॅप्स म्हणतात. तो यानं लवकर ओसरतो. पुढचे झटके कमी यावेत म्हणून वेगळं औषध असतं. आजार मुळासकट जात नाही, पण आवरता येतो. बरं वाटतंय म्हणून औषध मनानं बंद करू नका, एवढं माझं ऐका.

पाय सुधारला. बोटं मात्र बधिरच राहिली.

डॉक्टरांनी साताऱ्यातल्या याच आजाराच्या रुग्णांच्या गटाचा पत्ता दिला. मी जाणार नव्हतो. आजाऱ्यांत बसून आणखी आजारी कशाला व्हायचं? सुनंदानं बळंच नेलं. तिथं वडूजच्या मीनाताई भेटल्या. एका डोळ्याला अंधुक दिसतं, तरी शिवणयंत्र चालवतात. सुई तेवढी सून ओवून देते. माझं रडगाणं मध्येच तोडून त्या म्हणाल्या, "आवं, पाकाची पारख निस्ती बोटानंच करता व्हय?"

"न्हाई. गोळी परातीवर मारली की आवाज बी येतो."

"मग कान हाईत की धड!"

तेव्हा मला ते बोलणं झोंबलं. घरी आल्यावर मात्र मी सुनंदाला पाकाची गोळी वळायला शिकवायला लागलो.

यंदा माझी खुर्ची काहिलीपासून दहा पावलांवर, लिंबाच्या सावलीत, मानेवर ओला पंचा. पहिल्या दिवशी सुनंदानं गोळी वळून परातीवर मारली. बद्द आवाज आला. "अजून." गुऱ्हाळाचे मालक कमरेवर हात ठेवून बघत होते. मी कान परातीकडे वळवला. पुन्हा मारली. टण्ण!

"उतरवा!"

दुसऱ्या दिवशी मालकांनी ढेप फोडली, तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "लय झ्याक गड्या! खुर्ची हितंच ऱ्हाऊ दे."

परवा त्या ढेपेचा तुकडा घेऊन मी साताऱ्याला गेलो. मेढ्याची एक बाई पहिल्यांदाच आली होती, हातात एमआरआयचं पाकीट. "दादा, माझं काम सुटंल का वो?"

मी गुळाचा खडा तिच्या हातावर ठेवला. "ताई, आधी ह्यो खावा. मग सांगतो कुणी केलाय."